वरच्या आळीला साडेसहाला

इनामदार मॅडम म्हणतात, जीभ वळव,
टाळूला लाव, अजून मागे,
आता म्हण, पाणी.
मी म्हणते, पाणी.
पुन्हा.
विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या खोलीत
चौदा जण एकामागून एक पाणी पाणी करतात
आणि खाली कॅन्टीनचा नळ कोरडा.

फळ्यावर बाण:
पाठवणारा, संदेश, माध्यम, घेणारा.
मध्ये एक वेडीवाकडी रेघ, तिचं नाव गोंगाट.
माझ्या वहीत ती जरा जास्तच वाकडी आली.
अल्फिया म्हणाली, ही तर तुमची तासगावची एसटी.

त्याच एसटीनं शनिवारी घरी.
मांडीवर बॅग, बॅगेत कॉलेजचा रेकॉर्डर,
सही करून घेतलेला, हरवला तर अकरा हजार.
कवठे एकंद गेलं तरी डोळा लागू देत नाही.

आबा पंचायतीत पाणी सोडतात, एकवीस वर्षं.
व्हॉल्व्हची किल्ली त्यांच्या खांद्याएवढी,
सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली.
आधी माइकवर दोन फुंकर, एक टिचकी,
"हॅलो हॅलो, वरच्या आळीला साडेसहाला पानी.
खालच्यांनी मोटारी लावू नका.
लावली तर मी बघतोय."
इतकंच.
कुणी अर्धी दाढी तशीच ठेवून उठतो,
बेदाणा निवडून आलेल्या बाया
चहा बशीत सोडून हंडे शोधतात.

त्या रविवारी आबांचा घसा बसला,
शेडमधला गंधकाचा धूर गिळून.
किल्ली काही माझ्याकडं दिली नाही. माइक दिला.
खुणेनंच म्हणाले, दाखव की कॉलेजचं.

पाठ सरळ. श्वास पोटातून.
"नमस्कार. तांत्रिक कारणास्तव आज
वरच्या आळीचा पाणीपुरवठा
सायंकाळी सात वाजून तीस मिनिटांनी करण्यात येईल.
नागरिकांनी कृपया नोंद घ्यावी."
एकही ण घसरला नाही.

पारावर पत्ते खेळणारेसुद्धा गप्प.
मग काठी टेकत हौसाक्का दारात,
"कोन मांत्रिक आलाय गं?
आन पानी का अडीवलंय त्यानं?"
तिच्यामागं साताठ जणी, रिकाम्या घागरी.
एकीनं विचारलं,
नोंद घ्याला आधार कार्ड लागतंय का.

आबा हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे.

मी माइक ओढला, टिचकी मारली,
"हॅलो हॅलो. मोटर जळलीया.
वरची आळी, साडेसातला पानी.
हौसाक्का, घागर हितंच ठेव, मी आनून देते."
हे शेवटचं आबा कधी म्हणत नाहीत.
माझ्या तोंडी कुठून आलं, कळलं नाही.

रेकॉर्डर चालूच राहिला होता.
रात्री आईनं दोन्ही ऐकलं,
बोटांच्या पेरांना बेदाण्याचा चिकटपणा,
म्हणून बटणाला हात न लावता, लांबूनच.
म्हणाली, पयलं लावू परत.
पयलं लई भारी हुतं.
कळलं न्हाई, पर भारी हुतं.
तीनदा लावलं. मग ती झोपली.
मी मात्र दुसरंच ऐकत बसले,
त्यात मागं कुत्रं भुंकतंय,
एक घागर दगडावर आपटतेय,
आबा खोकतायत.
वहीतल्या रेघेत हे सगळं मावलं असतं का,
विचारायचं राहून गेलं.

सोमवारी स्टुडिओ. आमचा गट शेवटचा.
काचेपलीकडून मॅडम,
लेव्हल दे तोडकर, बोल काहीही.
आणि काहीही म्हणजे नेमकं हेच बाहेर पडलं,
"हॅलो हॅलो, वरच्या आळीला साडेसहाला..."
अल्फिया फिस्सकन हसली.
हिरव्या पट्ट्या उड्या मारत
लालच्या अलीकडं थांबल्या.
मॅडमनी अंगठा दाखवला,
मग दार ढकलून आत आल्या.
साडेसहाला काय?

भिंतीवर सहा पस्तीस.
काही नाही मॅडम, मी म्हणाले,
आलं असेल.